डावखुरीचा कोयता

पत्र: «बँकेतून निवृत्त झाल्यावर मी गुहागरजवळ सासऱ्यांच्या वाडीत राहायला आले. अर्धा एकर नारळ-सुपारी आहे आणि मागे उताराचा एक तुकडा. तो पंधरा वर्षं कुणी साफ केलेला नाही. गडी आठवड्यातून दोनच दिवस येतो, बाकीचं मला करायचंय, आवडतंही. चिपळूणच्या दुकानदाराने चौदा इंची कोयता दिलाय, पण दहा मिनिटांत मनगट भरून येतं. अमेरिकेतला भाचा बारा इंची पात्याचा सुरा पाठवतो म्हणतोय, व्हिडिओत त्याने लोक ओंडके फोडताना दिसतात. शेजारचे काका म्हणतात, खुकरी घ्या. मी डावखुरी, वय ६१. एकच मोठं, भक्कम हत्यार घ्यायचंय. वाडीत चालेल आणि जानेवारीत आमचा गट वासोट्याला जाणार आहे, तिथेही नेता येईल असं. कुठलं घेऊ?» — डावखुरी, गुहागर

ताई, तुमच्या पत्रात मापं भरपूर आहेत. चौदा इंच, बारा इंच, पंधरा वर्षं. तोडायचं नेमकं काय आहे ते मात्र ‘उताराचा तुकडा’ एवढ्यावरच उरकलंत. दुकानात गेलं की आपण सगळेच पातं मोजतो, आणि घरी आल्यावर कळतं की समोरच्या जाळीला लांब पातं नकोच होतं, कुदळ हवी होती.

तेव्हा आधी तुमचा उतार बघू. गुहागरच्या बाजूला जांभ्याच्या जमिनीवर पंधरा वर्षं माणसाचा हात फिरला नाही तर काय उगवतं, हे सांगायला ज्योतिषी नको. घाणेरी, रानमोडी, करवंदाच्या जाळ्या, मधूनमधून कुड्याचे नि किंजळीचे फुटवे, त्यांच्यावर चढलेल्या वेली, आणि एखादं कळकाचं बेट. यातलं प्रत्येक तोडायची रीत निराळी.

घाणेरीवर कोयता चालवणं म्हणजे तिची छाटणी करून देणं. बुंध्यापाशी कापली की तिथूनच दुप्पट जोमाने फुटते. तिला जमिनीच्या आत चार बोटं जाऊन मुळाशी तोडायची, उपटून काढायची आणि मुळं वर करून वाळत टाकायची. हे काम कुदळीचं, आणि तेही माती ओली असताना. रानमोडी त्या मानाने गरीब. कोवळी असेल तर हातानेच उपटते, वाढलेली असेल तर थंडीत फुलायच्या आत कापून टाकावी, म्हणजे निदान पुढच्या वर्षीचं बी पडत नाही. तिचं खोड मऊ असतं, हलका विळासुद्धा पुरतो.

किंजळ, ऐन असे फुटवे दिसले तर सगळे सपाट करू नका. उताराची माती त्यांच्याच मुळांनी धरलीय. चार चांगले सरळ राखा, बाकीचे काढा. आणि त्यातलं एखादं झाड मोठं झालेलं असेल तर कोयता बाजूला ठेवून आधी वनखात्यात विचारा. आंबा, खैर, ऐन, किंजळ अशी काही झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. १९६४ पासून तसा कायदा आहे. फांद्या सवळायला कुणी विचारत नाही, बुंध्याला हात घातला की विचारतात.

कळकाला करवत. कोयत्याने फक्त त्याच्या आडव्या काटेरी फांद्या उडवायच्या, मग मुख्य काठी जमिनीजवळच्या पेराच्या जरा वर करवतीने कापायची. पेराच्या बरंच वर कापली तर राहिलेल्या नळीत पाणी साठतं, डास होतात आणि खुंट कुजतो. कळकात सिलिका भरपूर असते, त्यामुळे कितीही चांगली धार तिथे लवकर बोथट होते. आंब्याफणसाच्या मनगटाएवढ्या फांद्यांनाही करवतच. कोयत्याने फांदी तुटते खरी, पण शेवटच्या घावाला साल खोडापर्यंत सोलत जाते आणि ती जखम पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण देते. आधी खालून थोडं कापायचं, मग वरून, म्हणजे साल फाटत नाही.

हे सगळं वगळल्यावर कोयत्याच्या वाट्याला काय उरतं ते बघा. पडलेल्या झावळ्या, केळीचे खुंट, करवंदीच्या जाळ्या, वेली, अंगठ्याएवढे फुटवे, चुलीसाठी थोडी काटकी, आणि अधूनमधून शहाळं. नारळ सोलायला तुमच्या वाडीत पहार रोवलेली असेलच, तिथेही कोयत्याचं काम नाही. म्हणजे तुम्हाला मोठं हत्यार नकोच आहे. मध्यम कोयता आणि घडी होणारी छाटणीची करवत, अशी जोडी हवी आहे. ‘एकच भक्कम’ हा हट्ट सोडलात तर निम्मं काम झालं.

आता कोयता किती मोठा? इंच विसरा, आधी वजन बघा. तुमच्याकडचा चौदा इंची कोयता वाण्याच्या काट्यावर टाकून बघा. तो किलोच्या आसपास भरला तर मला नवल वाटणार नाही. तसा कोयता सरपण फोडणाऱ्या गड्यासाठी असतो. तुम्ही मुठीसकट चारशे ते पाचशे ग्रॅमचा घ्या. पातं मूठ सोडून नऊ-दहा इंच, पाठ मुठीजवळ चारेक मिलिमीटर जाड आणि टोकाकडे बारीक होत गेलेली.

वजनदार हत्यार स्वतःच्या वजनाने तोडतं, असं दुकानदार सांगतात. खोटं नाही, पण अर्धंच आहे. हत्याराचं वजन दुप्पट केलं तर घावाचा जोर दुप्पट होतो, आणि वेग दुप्पट केला तर चौपट. वेग मनगटातून येतो, आणि थकलेल्या मनगटाला वेग नसतो. म्हणून जड कोयत्याचे पहिले दहा घाव जबरदस्त पडतात आणि नंतरचे नुसते आदळतात. ऊसतोड करणाऱ्यांच्या हातातला कोयता बघा. पहाटेपासून तो चालवायचा असतो, म्हणून पातळ आणि हलका असतो. जाड पात्याला ओल्या देठात शिरताना देठ फाकवत जावं लागतं. पातळ पातं नुसतं आरपार निघतं. जाड पाठ सुक्या, टणक लाकडाला उपयोगी, आणि तिथे तर आपण करवत ठेवलीच आहे.

दुकानात पारख करायची तर कोयता मुठीच्या टोकाला धरा, हात समोर लांब करा, पातं आडवं ठेवा आणि मनात वीस म्हणा. टोक आपोआप खाली यायला लागलं तर परत ठेवा. मग मनगटाने दोनदा हवेत फिरवा. पातं थांबवायला तुम्हाला जोर लावावा लागत असेल तर तो तुमचा नव्हे. तोडण्याइतकंच थांबवणंही हाताला झेपलं पाहिजे. घाव चुकतो तेव्हा तेच कामाला येतं.

आकार म्हणाल तर आपला कोकणी चोचीचा कोयता तुमच्या जमिनीसाठीच घडत आलाय. पुढची चोच फांदीला अडकवून ओढता येते, वेल खेचता येते, आणि बुंध्याशी तोडताना दगडावर आपटलीच तर आधी चोच आपटते, धारेचा पोटाकडचा भाग वाचतो. जांभ्याच्या उतारावर हा फायदा फार मोठा. शिवाय आत वळलेल्या धारेतून झावळीचा देठ निसटत नाही. बाहेर फुगलेल्या धारेवरून तो निसटतो.

आता काकांची खुकरी. नेपाळची ही चीज अव्वल, त्याबद्दल दुमत नाही. पातं पुढे झुकलेलं, वजन पोटाशी, पाठ आठ-दहा मिलिमीटरपर्यंत जाड. सुक्या फांदीवर ती छोट्या कुऱ्हाडीसारखी चालते. पण पातं एवढं जाड, आणि धार बाहेर फुगलेली. वेली, गवत, झावळ्या यांच्यापुढे तिचा निम्मा जोर वाया जातो. हिमालयातल्या लाकूडफाट्यासाठी ती बनली, तुमच्याकडे करवत असताना तिला फारसं काम उरणार नाही. शोभेच्या दुकानांतली चकचकीत खुकरी तर घेऊच नका. बऱ्याचदा तिचं पातं कडक केलेलं नसतं.

दक्षिण अमेरिकेतला मॅशेटे तुमच्या व्हिडिओत दिसला असेल. अठरा-वीस इंच लांब आणि जेमतेम दोन मिलिमीटर जाड. ब्राझील, कोलंबियाचे शेतकरी त्याने ऊस, केळी, गवत सपासप कापतात. मोकळ्या सपाट जागेत तो उत्तम. तुमच्या उतारावर, जाळ्यांच्या गर्दीत, तेवढं लांब पातं फिरवायला जागा कुठे आहे? ते फांद्यांना अडखळतं आणि भलत्याच दिशेला वळतं. पुढेमागे उतार मोकळा झाला आणि दर पावसाळ्यात नुसतं गवतच मारायचं राहिलं, तर मॅशेटेपेक्षा भाड्याने ब्रश कटर आणणं सोयीचं.

भाच्याच्या सुऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो, नको म्हणा. वर्णनावरून तो बोवी पद्धतीचा वाटतो. अमेरिकेत १८२७ च्या एका मारामारीनंतर जिम बोवीच्या नावाने ही जात गाजली. सरळ पातं, टोकाशी कापलेली पाठ, भोसकायला सोयीचं टोक. ओंडके फोडण्याचे व्हिडिओ दिसतात त्यात पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकतात. कुऱ्हाड जवळ नसलेल्या माणसाची ती युक्ती आहे. तुमच्या घरात कुऱ्हाड असेलच. शिवाय हा सुरा कायद्याच्या नजरेत कोयत्याच्या रांगेत बसत नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

कोयता घ्यायचा कुठून? जमलं तर लोहाराकडून करून घ्या. तुमच्या तालुक्यात अजून ऐरण चालू असेल, नाहीतर देशावरच्या जत्रांत आणि आठवडी बाजारांत घिसाडी बसतात. घरातली बाई घण मारतेय आणि पुरुष सांडशीत लोखंड फिरवतोय, असं दृश्य दिसलं की तिथे थांबा. त्यांना विचारा, ‘पाट्याचा आहे का?’ पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, त्यामुळे तापवून पाणी दिलं, म्हणजे एकदम थंड केलं, की ते पोलाद कडक होतं, आणि मुळात झटके सोसायला बनलेलं असल्याने तुटत नाही. साध्या लोखंडी पट्टीत कार्बन याच्या निम्म्याहूनही कमी. तिला कितीही पाणी द्या, ती कडक होत नाही. नवी असताना दोन्ही कोयते सारखेच चमकतात, फरक पहिल्या करवंदीच्या जाळीत कळतो.

दुकानातून घेत असाल तर खिशात छोटी कानस घेऊन जा. दुकानदाराला विचारून मुठीजवळच्या धारेवर हळूच एकदा फिरवा. लोण्यासारखी चावत गेली तर पोलाद मऊ आहे. अजिबात न चावता काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पोलाद जास्तच कडक आहे, दगडावर आपटलं की कपचा उडेल. जरा जोर लावल्यावर चावली पाहिजे. दुकानदार कानस लावू देत नसेल तर तेही उत्तरच समजा.

स्टेनलेसचा मोह होईल, कारण गुहागरचा पाऊस आणि खारी हवा. गंज कमी येतो, कबूल. पण स्वस्त स्टेनलेस कोयत्याची धार टिकत नाही आणि गावचा लोहार तो शेवटून, म्हणजे धार पुन्हा घडवून, देऊ शकत नाही. साधा पाट्याचा कोयता चार-पाच वर्षांनी धार मागे गेली की पुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन घेता येतो. माझ्या मते गंजाचा त्रास सोसावा. त्यावर उपायही सोपा आहे. काम झालं की पातं पुसायचं, कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. काजूच्या टरफलाचा आणि आंब्याचा चीक लागला तर त्याच दिवशी धुवा, तो पोलाद खातो आणि हातही भाजतो. फणस कापायच्या आधी पात्याला तेल लावलं तर चीक चिकटत नाही, हे सासूबाईंनी तुम्हाला विळीवर शिकवलं असेलच. चामड्याच्या म्यानात मात्र पावसाळ्यात कोयता ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा गरम करून चपटा केला की फुकटात उत्तम म्यान होतं. तापवताना त्याचा धूर नाकात घेऊ नका, अंगणात करा.

आता तुमचा डावा हात. याकडे दुकानदार लक्ष देणार नाही म्हणून तुम्हीच द्यायचं. काही कोयते एकाच बाजूने धार काढलेले असतात, विळ्यासारखे. एक बाजू सपाट, दुसरी उतरती. अशी धार उजव्या हाताच्या हिशेबाने काढलेली असते. डाव्या हाताने तिरका घाव घातला की पातं लाकडात शिरायचं सोडून बाहेर सरकतं, आणि आपल्याला वाटतं की आपलाच हात वाईट. कोयता डोळ्यासमोर उभा धरून धारेकडे बघा. दोन्ही बाजूंनी सारखा उतार दिसला पाहिजे. लोहाराकडे करून घेत असाल तर त्याला आधीच सांगा: धार दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूची आवडत असेल तर तो उलट्या बाजूनेही काढून देईल, त्याला त्यात काही जड नाही.

कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवायची कोकणातली पद्धत उत्तम आहे, दोन्ही हात मोकळे राहतात. तुमच्याकडे येणाऱ्या गड्याला आकडी करून द्यायला सांगा, पण मूठ तुमच्या डाव्या हाताला येईल अशी. त्याची स्वतःची उसनी घेऊन बांधलीत तर दर वेळी पाठीमागे हात वळवून पातं चाचपाल, आणि ते तुम्हाला नको आहे.

मुठीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवीन. लोक पात्यावर पैसे घालतात आणि फोड मुठीने येतात. बाभळीची किंवा शिसवाची मूठ घ्या, जाडी अशी की चार बोटं वळल्यावर बोटांची टोकं तळव्याला टेकतील न टेकतील. फार जाड मुठीने पकड थकते, फार बारीक मुठीने कोयता हातात फिरतो. मागचं टोक फुगीर हवं, घामेजलेल्या हातातून निसटताना तेवढंच अडवतं. व्हार्निश असेल तर काचेने किंवा पॉलिश पेपरने खरवडून काढा आणि जवसाचं तेल पाजा. चकचकीत मुठीने फोड लवकर येतात.

पात्याचं शेपूट मुठीत कुठपर्यंत गेलंय, हेही विचारा. आरपार जाऊन मागे वाकवलेलं असेल तर निश्चिंत. जेमतेम दोन इंच आत जाऊन थांबलं असेल, तर एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड आकसलं की ते ढिलं होईल आणि एक दिवस मूठ तुमच्या हातात राहून पातं शेजारच्या आवारात पडेल. मुठीच्या तोंडाशी लोखंडी शेंबी, म्हणजे कडं, असावी, नाहीतर लाकूड तिथेच चिरतं. दर वेळी काम सुरू करण्याआधी पातं धरून मूठ हलवून बघा. खडखड वाजली तर त्या दिवशी चहा प्या.

वापराबद्दल गड्याकडून शिका, त्याच्याइतकं मी कागदावर सांगू शकणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, तो उजव्या हाताने दाखवेल, तुम्ही ते आरशात बघितल्यासारखं उलटं करायचं. त्याचा घाव उजवीकडून डावीकडे खाली उतरतो, म्हणून तो डावा पाय मागे ठेवतो. तुमचा घाव डावीकडून उजवीकडे येणार, म्हणून तुमचा उजवा पाय मागे. तो बघून तसंच उभं राहिलात तर चुकलेला घाव थेट नडगीवर येईल. उतारावर तुमच्या खालच्या बाजूला कुणाला उभं राहू देऊ नका. रिकाम्या हाताने फांदी धरायची नाही. त्या हातात बेळकं धरा, दुबेळक्याची काठी, तिने जाळी दाबायची किंवा वाकवायची आणि मग तोडायची. ताणलेली फांदी तशीही एका घावात जाते. आणि आधी त्याच काठीने जाळी चांगली बडवून घ्या. तुमच्या जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप काही दुर्मीळ नाही, पालापाचोळ्यात ते दिसतही नाही. गुडघ्यापर्यंत येणारे गमबूट घाला, चपला नकोत.

धारेला मशीनवर पाठवू नका. कोपऱ्यावरचा धारवाला फिरत्या दगडावर ठिणग्या उडवत धार लावतो, बघायला छान वाटतं, पण तेवढ्यात धारेची कड निळी झाली तर तिथली कडकपणाची सगळी कमाई गेली. निळा रंग म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं. आठ इंची सपाट कानस घ्या, कोयता पाटावर दाबून किंवा शिकंज्यात धरून, धारेच्या दिशेने ढकलत, एका बाजूला पाच-सहा हात, मग दुसऱ्या बाजूला तेवढेच. कानस मागे ओढताना उचलायची. पातळ वस्तऱ्यासारखी धार करू नका, कोयत्याला जरा रुंद धारच टिकते. शेवटी निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाणी घालून चार हात फिरवले की पुरे. हातमोजे घाला आणि कानशीला मूठ बसवलेली असू द्या. बिनमुठीच्या कानशीचं टोक तळव्यात घुसल्याच्या जखमा कोयत्याच्या जखमांपेक्षा कमी नसतात.

आता कायदा, आणि त्यातूनच वासोटा. शेतीसाठी बनवलेलं अवजार शस्त्र कायद्यात शस्त्र धरलं जात नाही. पण २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या एका वर्गात टाकले आहेत, त्यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाच्या वस्तू वगळून. खुकरीचं नाव तर त्या यादीत लिहिलेलंच आहे. तुमचा कोयता वाडीत शेतीचं अवजार आहे. भाच्याचा बारा इंची सुरा कुठल्या शेतकामासाठी बनवला, हे विमानतळावर किंवा पोस्टात सिद्ध करत बसायची तुम्हाला हौस आहे का?

आणि शेतीचा कोयतासुद्धा बाजारात उघडा मिरवायचा नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला जमावबंदीचे आदेश निघतात, त्यात काठ्यालाठ्यांपासून सगळ्याच वस्तू बाळगायला मनाई असते. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या सुरू झाल्यापासून तर कोयता शब्दाकडेच लोक वेगळ्या नजरेने बघतात. दुकानदाराने आधार कार्ड मागितलं तर रागावू नका. एसटीतून आणताना गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून, पिशवीच्या तळाशी ठेवा आणि पावती जवळ बाळगा.

वासोट्याला मात्र कोयता, सुरा, खुकरी, काहीही नेऊ नका. तुम्ही बामणोलीहून होडीने शिवसागर जलाशय ओलांडाल आणि पलीकडे पाय ठेवाल ते कोयना अभयारण्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि त्या कायद्यात शस्त्र म्हणजे फक्त बंदूक नाही. जाळी, सापळे, आकडे आणि सुरेही त्याच व्याख्येत आहेत. शेतीच्या अवजाराची सूट इथे कामाला येत नाही. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर इथेही हाच नियम. तसंही वासोट्याची वाट मळलेली आहे आणि तिथे फांदी तोडायला परवानगी नाही. संध्याकाळपर्यंत परत होडीत बसायचं असतं, मुक्काम नाही, चूल नाही, मग तोडायचं काय? काकडी घरूनच चिरून न्या. काठी न्या, उतरताना गुडघ्यांना तिचाच उपयोग होईल.

लोहाराकडे कधी जायचं तेही सांगून ठेवतो. भातकापणीच्या तोंडावर त्याच्यापुढे विळ्यांचा ढीग असतो आणि मृगाच्या आधी फाळांचा नि कुदळींचा. दिवाळीनंतर जा, तेव्हा त्याला सवड असते. जाताना तुमच्या हातात नीट बसणारी एखादी मूठ, जुन्या विळ्याची का असेना, नमुन्याला घेऊन जा आणि डाव्या हाताने धरून दाखवा. घडून तयार झाल्यावर लगेच घेऊन निघू नका. त्याच्या दारात एखादी सुकी फांदी पडलेली असेल, तिच्यावर दोन घाव घाला आणि धार बोटाने न चाचपता उजेडात धरून बघा. कड दुमडलेली चमकली तर तिथल्या तिथे पुन्हा पाणी देऊन मागा.

तुमच्याकडचा चौदा इंची कोयता दुकानात परत करायच्या भानगडीत पडू नका, वापरलेला कोणी घेत नाही. येणाऱ्या गड्याला सरपणासाठी द्या. त्याच्या हाताला तो बरोबर असेल.